चाकाखालची उटी

जीपची गोष्ट आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही असं नाही. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं उरकून माणसं पान जुळवायला बसली की कुणीतरी म्हणतंच — भाऊ, ती जीपची होऊ द्या. आणि मी सांगतो. हातवारे करून, आवाज काढून सांगतो. पोरं हसून लोळतात. पण त्या गोष्टीतलं एक वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईलाही नाही — ती तर ते न ऐकताच गेली. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटते.

आणि आत्ताही भीती वाटतेच आहे. हसू नका. म्हणजे — हसा. सुरुवात हसण्यासारखीच आहे.

साठ साल उजाडायचं होतं. मी लोणावळ्यात एका वीजकंपनीच्या भांडारात कारकून होतो. काम काय, तर नटबोल्ट, तारेची भेंडोळी आणि पुसायच्या चिंध्या सांभाळणं. भांडाराच्या मागं करंजाच्या झाडाखाली एक जीप उभी होती. उभी कसली, बसलेली. लढाईच्या वेळची. सैन्यानं टाकली म्हणून कंपनीनं धरणांकडं जायला घेतली, आणि मग कंपनीनंही टाकली. टप नव्हता. तळाला गंजून अशी भोकं पडली होती की सीटवर बसून खालच्या मुंग्यांची रांग दिसायची. बॉनेटमधून एक वेल बाहेर आला होता आणि मागच्या सीटच्या स्प्रिंगांत रखवालदाराची कोंबडी अंडी घालत होती. भंगाराचा लिलाव निघाला तेव्हा तिच्यावर बोली लावणारे दोघेच — एक भंगारवाला आणि एक मी. भंगारवाल्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि हसून तो बाजूला झाला. तेव्हाच समजायला हवं होतं.

कशाला घेतली? सगळ्यांनी विचारलं. सुमननं, म्हणजे बायकोनं, तोंडानं विचारलं नाही. नुसती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. माझे सासरे — त्यांना सगळे आबा म्हणायचे — टाकव्याहून मुद्दाम बघायला आले. जीपभोवती एक फेरी मारली, चाकाला पायानं ढोसलं आणि म्हणाले, "जावायबापू, दात बघून घेतली न्हवं? आन् हिला वैरण काय घालायची?"

मी म्हणालो, दुरुस्त करणार. पार नवी करणार.

आणि लागलो कामाला. दर रविवारी रॉकेलचा डबा, पॉलिश कागद आणि फाटका बनियन. गंज खरवडला की खाली आणखी गंज. पुण्याच्या जुन्या बाजारातून सुटे भाग आणायचे. निम्मे बसायचे नाहीत, उरलेले कुठं बसवायचे ते कळायचं नाही. अशी दोन वर्षं तरी गेली असतील. लोक म्हणायचे, काय चिकाटी आहे माणसाची!

चिकाटी? आता हे एक छोटं आधी कबूल करून टाकतो, म्हणजे मोठ्याला धीर येईल. मला गाडी चालवायची भयंकर भीती वाटायची. लहानपणी खंडाळ्याच्या घाटात एक सैनिक पावसातून जीप हाणत, दात दाखवत जाताना पाहिला होता, तेव्हापासून वाटायचं की जीपवाला माणूस भित्रा असूच शकत नाही. म्हणून जीप घेतली. घेतल्यावर कळलं, जीपवालाही भित्रा असू शकतो. उतार दिसला की मी खाली उतरायला निमित्त शोधायचो. आणि जोवर गाडी दुरुस्त होते आहे तोवर ती चालवावी लागत नाही — ही माझी चिकाटी.

ह्या सगळ्यात माझ्या जोडीला होता श्रीपती. सुमनचा भाऊ. माझ्याच वयाचा, टाकव्यात आबांबरोबर भाताची खाचरं करणारा. लावणी झाली की कापणीपर्यंत सवड मिळेल तेव्हा लोणावळ्याला यायचा आणि जीपखाली शिरायचा. त्याला तरी काय येत होतं? दोघं सारखेच. एकदा इंजिन जोडून झाल्यावर ओंजळभर स्क्रू उरले. मी घाबरलो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दाजी, काय बिगडत न्हाई. कंपनीनंच जास्ती घातलं असतील."

पण एक गोष्ट श्रीपतीपाशी होती जी माझ्यापाशी कधीच नव्हती. त्याला सगळं आठवायचं. म्हैस कधी व्याली, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, कोणता पाना काल कुठं ठेवला — घरात कुणाला काही आठवेना झालं की श्रीपतीला विचारायचं. तो डोळे बारीक करायचा आणि सांगायचा. चुकायचा नाही. हे ध्यानात ठेवा. मला विसरता येत नाही ते हेच.

त्याच्यासाठी कामशेतच्या एका ओळखीच्या माणसानं रेल्वेत शब्द टाकला होता. सांधेवाल्याची जागा. येणाऱ्या गाडीसाठी रूळ बदलायचा, तो सांधा धरणारा माणूस. श्रीपती त्याबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. खाकी कपडे, हातात हिरवा-तांबडा कंदील, स्टेशनाशेजारी खोली. आबा कुरकुरत का होईना राजी झाले होते.

आता उटीचं सांगतो. जीपला हातब्रेक नव्हता. म्हणजे दांडी होती, ती ओढली की हातात यायची. बॅटरीही दमलेली, सेल्फ मारला की नुसती कण्हायची. त्यामुळं गाडी नेहमी उतारावरच लावायची, म्हणजे ढकलायची गरज नाही — सोडली की उतारानं धावते आणि क्लच सोडला की चालू होते. आणि ती तिथं थांबावी म्हणून चाकाखाली उटी. श्रीपतीनं बाभळीच्या लाकडाची पाचर तासून केली होती, तिला ओढायला दोरी बांधली होती. आमची रीत अशी: मी ब्रेकवर पाय दाबून बसायचो आणि ओरडायचो, "उटी?" तो खालून ओरडायचा, "लागली!" मगच मी पाय काढायचो. त्याच्या त्या "लागली"वर मी डोळे मिटून विश्वास ठेवायचो. खरं तर जीपच्या बाबतीत मी दुसऱ्या कशावरच ठेवला नाही.

आमचं घर वलवणच्या अंगाला, चढावर. अंगणापासून खडीचा रस्ता खाली जायचा. जाताना डाव्या हाताला मातीची दरड, उजव्या हाताला मोकळा उतार, आणि तळाशी ओढ्यावरची मोरी. मोरीला कठडा नव्हता. पावसाळा सरला तरी ओढा अजून भरून वाहत होता. घरातून त्याचा आवाज यायचा.

जीप त्या आश्विनात पुरी झाली. कंपनीच्या पाइपांचा उरलेला करडा रंग तिला लावला होता, त्यामुळं ती थोडी पाइपासारखीच दिसायची, पण चकाकत होती. खंडेनवमीला तिची पूजा करायची ठरली. आबा आणि सासूबाई आदल्या दिवशीच आले. मी ब्रेकवर बसलो, श्रीपतीनं जीप ढकलून अंगणाच्या तोंडाशी लावली, उटी घातली, "लागली!" म्हणाला. मी ऐकलं. हेही ध्यानात ठेवा — मी ऐकलं.

सकाळी त्यानं जीपच्या शेजारी घोंगडी अंथरली आणि हत्यारं मांडली. पाने, पक्कड, हातोडी, कानशी, जॅक, हवेचा पंप. घासूनपुसून लख्ख. मग त्याच्या लक्षात आलं की झेंडू कमी पडणार, म्हणून टोपली घेऊन तो खालच्या वस्तीवर गेला. सुमन आणि सासूबाई चुलीपाशी. आबा ओट्यावर आमच्याकडं पाठ करून तंबाखू मळत बसलेले. आणि नंदा — माझी मुलगी, तेव्हा पाच वर्षांची — नवं परकर-पोलकं घालून जीपच्या सीटवर उभी. मीच तिला उचलून ठेवली होती. लढाईतली जीप, स्टिअरिंग डाव्या हाताला. ते धरून ती तोंडानं भोंगा वाजवत होती.

मी त्या हत्यारांकडं बघत उभा राहिलो. आणि मला — कसं सांगू — भरून आलं. वाटलं, आपण हे केलं. भंगारातून उभी केली. ही सगळी मंडळी पूजेला बसली आहेत, आणि जिनं रोज गाडी धरून ठेवली ती? तिला कुंकू नको? जॅकला हळद आणि तिला काही नाही?

बघा, कसा गोल गोल फिरतोय. वाक्य एवढंसं आहे आणि मी त्याच्याभोवती घोंगडी, झेंडू, तंबाखू मांडत बसलोय. लिहितो आता.

उटी मी काढली.

श्रीपतीनं नाही. मी. वाकलो, दोरी धरली आणि ओढली. गाडी गिअरमध्ये होती. ती किंचित हलली आणि थांबली. मी तिच्या अंगावर हात ठेवून पाहिलं, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. थांबली होती. वरून नंदानं विचारलं, "बाबा, ती कशाला काढली?" मी म्हणालो, "पूजेला." उटी पुसली, हळदकुंकू लावलं, घोंगडीवर जॅकच्या शेजारी मांडली आणि चार पावलं मागं सरून पाहिलं. फार छान दिसत होतं सगळं. हे मला अजून दिसतं — ते छान दिसणं.

चाकाखाली दगड ठेवायला हवा हे मला कळत होतं. नव्हतं असं म्हणणार नाही. दगड शोधायला वळलोच होतो. तेवढ्यात आतून सुमनची हाक आली, नारळ घेऊन जा. मी आत गेलो. नारळ घेतला. सासूबाईंनी विचारलं, शेंडी काढलीत का? नव्हती काढली. ती काढत बसलो. आणि दगड? दगड डोक्यातून गेला. नुसता गेला.

बाहेर आलो तेव्हा जीप अंगणात नव्हती.

जिथं होती तिथं तेलाचा डाग होता. क्षणभर मला काही कळेच ना. मग खडी कुरकुरल्याचा आवाज आला. इंजिनाचा नाही — एवढी गाडी आणि आवाज काही नाही, फक्त टायरांखालची खडी आणि खाली ओढा. नंदानं गिअरचा दांडा हलवला होता. ती सीटवर तशीच उभी होती, स्टिअरिंग धरून, परकर वाऱ्यानं फुगलेला. आणि ती हसत होती. तिला वाटलं गाडी चालू झाली.

तुम्ही धावला असता. कुणीही बाप धावला असता. मी धावलो नाही. पाय जमिनीतून निघेनात. तोंड उघडलं, त्यातून आवाज निघेना. माझ्या हातात नारळ होता आणि तो खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं. गाडीनं वेग घेतला. मोरी मला दिसत होती. मोरीपलीकडचं काही दिसत नव्हतं.

श्रीपती चढून वर येत होता. झेंडूची टोपली डोक्यावर. त्यानं वर पाहिलं, टोपली फेकली आणि तो समोरून गाडीच्या अंगावरच आला. बाजूला झाला तो जेमतेम चाकाची रुंदी सोडून. डाव्या बाजूनं त्यानं स्टिअरिंगवर झडप घातली आणि लटकतच ते आपल्याकडं ओढलं. दरडीकडं. म्हणजे स्वतःकडं. दरड आणि गाडी, ह्यांच्या मधे तोच होता. हे त्याला कळलं नसेल का? मला वरून कळत होतं.

गाडी दरडीत घुसली आणि थांबली. मोरी दहा-बारा पावलांवर होती. नंदाचा ओठ फुटला, बाकी काही नाही. श्रीपतीच्या गळ्याखालचं हाड मोडलं होतं आणि खांदा भलत्याच जागी आला होता.

त्याला वर आणून अंगणात बाजेवर निजवलं. शेजारचे लोक गोळा झाले. डॉक्टरकडं न्यायला कुणी टांगा आणायला धावलं. सुमन नंदाला छातीशी धरून नुसती हलत होती, मागं-पुढं, मागं-पुढं. आणि मग आबांची नजर घोंगडीवर गेली.

"ही हितं कशी?" ते म्हणाले.

हळदकुंकू लावलेली उटी. हत्यारांच्या रांगेत. रांग कुणी मांडली होती ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

"उटी पूजंला मांडली व्हय रं?" आबा बाजेशी जाऊन ओरडले. माणसाचं हाड मोडलंय हे ते विसरले होते. "चाकाखालची काढून? पोर मेली असती की रं, मुडद्या!"

श्रीपतीचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं मान वळवून घोंगडीकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"मी मांडली? मला तर... दाजी, मी मांडली का?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. किती सोपं होतं! तीन शब्द. पण शेजारी उभे होते, आबा उभे होते, सुमनच्या मांडीवर रक्ताळलेल्या ओठाची माझी मुलगी होती, आणि मी तो माणूस होतो जो नारळ धरून उभा राहिला. त्यातच हेही माझंच, असं त्यांच्यापुढं म्हणायचं? मी एवढा घाबरलो होतो की माझे दात वाजत होते. आणि तसल्या दातांतून मी म्हणालो, "हत्यारं तूच मांडलीस ना, श्रीपती?"

खोटं नाही बोललो. नुसतं विचारलं. हत्यारं त्यानंच तर मांडली होती! पुढं कितीतरी दिवस मी ह्या एका "ना"च्या आडोशाला बसलो होतो.

त्यानं डोळे बारीक केले. नेहमी आठवताना करायचा तसे. मी बघत होतो. एक माणूस आपल्या डोक्यात ती सकाळ धुंडाळत होता आणि उटी त्याला कुठं सापडेना, कारण ती तिथं नव्हतीच. मी वाट बघत होतो. आता म्हणेल, न्हाई, मी न्हाई. म्हणेल, आणि मी सुटेन — किंवा मरेन.

"व्हय," तो म्हणाला. "मीच मांडली आसंल."

नंदा टक लावून माझ्याकडं बघत होती. तिनं पाहिलं होतं. तिनं विचारलंही होतं. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. ते आता उघडेल, आता उघडेल. पण ती ओठ चोखत राहिली. 

हाड जुळलं. श्रीपतीचा खांदा दिवाळीनंतर पूर्वीसारखा झाला, आणि त्याच सुमारास रेल्वेतून बोलावणं आलं. तो भांडारावर मला भेटायला आला. करंजाखाली उकिडवा बसला, काडीनं मातीत रेघा मारत.

"दाजी, मी जात न्हाई."

मी म्हणालो, का रे?

"मला आठवतच न्हाई बगा. लय आठवून बगितलं. मी उटी काढली कवा, कुंकू लावलं कवा — काय पन आठवत न्हाई. आन् काढली तर मीच. मंग माझा भरवसा काय? सांधा धरायचा म्हंजी... गाडीत मानसं आसत्यात, दाजी. पोरंबाळं आसत्यात."

तिथं कुणी नव्हतं. आबा नव्हते, शेजारी नव्हते. तो आणि मी. पानं पडत होती.  एवढंच म्हणायचं होतं की गड्या, तुला आठवत नाही, कारण तू केलंच नाहीस. ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. शपथ घेत नाही. माझ्या शपथेला काय किंमत? पण आलं होतं.

मी म्हणालो, "तू म्हणतोस त्यातही तथ्य आहे."

त्यानं मान हलवली. उठला, काडी टाकली आणि कामशेतच्या गाडीला गेला. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

जीप मी एका ठेकेदाराला देऊन टाकली. लोकांना वाटलं, बापाचं काळीज, पुन्हा तिच्याकडं बघवत नसेल. मला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. आता चालवावी लागणार नव्हती.

आणि मग मी गोष्ट सांगायला लागलो. पहिल्यांदा शेजाऱ्यांना, हसत हसत. का, ठाऊक आहे? गोष्ट मीच सांगितली तर ती माझ्या ताब्यात राहील. दुसऱ्या कुणी सांगायला घेतली आणि मधेच थांबून म्हणाला की पण श्रीपती तर फुलं आणायला गेला होता, मग? — ही भीती. म्हणून मी थांबायला जागाच ठेवली नाही. कोंबडीची अंडी घातली, आबांची वैरण घातली, नारळ धरून उभा राहिलेला मी घातला — हो, तेही सांगतो मी, सगळ्यात जास्त हशा त्यालाच येतो — आणि शेवटी श्रीपतीनं उटीलाच देव करून घोंगडीवर बसवलं! लोक टाळ्या देतात. श्रीपती असला तर तोही हसतो. म्हणतो, "आन् तिला नमस्कार बी केला आसंल मी!"

त्याचं पुढं काय झालं तेही गोष्टीत आलं. दावणीला बैल बांधला की तो गोठ्यातून निघतो, परत जातो, गाठ चाचपतो. पुन्हा निघतो, पुन्हा जातो. दाराला कडी लावली का ते बघायला पाणंदीतून माघारी येतो. पोरं नक्कल करतात. आता कुणाला काही आठवेना झालं तर श्रीपतीला कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर तो म्हणतो, माझ्या सांगन्यावर जाऊ नगा.

मी मात्र एका माणसावर नजर ठेवून गोष्ट सांगायचो. नंदावर. ती मोठी होत होती. दर वेळी उटीपाशी आलो की मी भराभर पुढं सरकायचो. ती दहा-अकरा वर्षांची असताना एकदा माझं वाक्य तोडून म्हणाली, "मला आठवतंय ना ते!" माझा हात हवेत राहिला. सगळे तिच्याकडं वळले. ती म्हणाली, "मामा खाली वाकला होता. मी विचारलं, कशाला काढली? तर म्हणाला, पूजेला."

माझा शब्द तिनं त्याच्या तोंडात घातला होता. तिनं नाही — मी घातला होता, इतकी वर्षं सांगून सांगून. एकच साक्षीदार होता आणि तोही मी पुसून टाकला. आणि त्या क्षणी मला काय वाटलं? हायसं वाटलं. पान खाताना वाटतं तसं, अंगभर. हे लिहिताना भीती वाटतेय ती त्या हायसं वाटण्यामुळं.

गेल्या वैशाखात नंदाचं लग्न झालं. मुलीला बोहल्यापर्यंत मामानं आणायचं, हे तुम्हाला सांगायला नको. नंदाला मामा दोन, एक चुलत आणि एक श्रीपती. श्रीपतीच आणणार हे धरून कुणी विचारलंही नव्हतं. मुहूर्ताला थोडा वेळ उरला आणि तो दिसेना. मांडवाच्या मागं सापडला, खांबांच्या दोऱ्या ओढून बघत होता. एक झाली की दुसरी, मग परत पहिली. नंदा मुंडावळ्या बांधून स्वतः तिथवर गेली. म्हणाली, मामा, चल. तूच न्यायचंस.

"नगं बाय," तो म्हणाला. "माझ्या हातनं काय तरी ऱ्हाईल. तुज्या येळंला नगं."

ती रडकुंडीला आली, त्याचा हात ओढू लागली. त्यानं हात मागं घेतला. मी चार हातांवर उभा होतो, फेटा बांधून. ज्या माणसानं तिला मरणातून ओढून काढलं तो तिचा हात धरायला घाबरत होता. शेवटी चुलत मामानं तिला आणलं. मंगलाष्टकं झाली. मी अक्षता टाकल्या. गर्दीच्या पार मागं श्रीपतीनंही टाकल्या. त्या पुढच्या माणसांच्या टोप्यांवर पडल्या असतील.

पाठवणी झाली. मांडव रिकामा व्हायला लागला, आचारी भांडी विसळत होते. मी सतरंजीवर बसलो होतो. श्रीपती येऊन शेजारी बसला.  मग म्हणाला, "दाजी, येक बोलायचं लय वर्सं मनात हाय."

 वाटलं, आठवलं ह्याला. आज आठवलं.

"माझ्या चुकीनं पोरगी जात व्हती. आबा मरस्तवर मला टोचून बोललं. तुमचीच पोर, पन तुमी येका शब्दानं कदी बोलला न्हाई. हसन्यावारी न्हेलंत. दुसरा असता तर मला दारात उभं केलं नसतं."

असं म्हणून तो वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला.

मी त्याला उठवलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"असू दे, श्रीपती," मी म्हणालो. "माणसाच्या हातून चुकतं."

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी त्याला माफ केलं होतं.